थोरलीचा हिशेब

(डहाणू-तलासरी भागातल्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या बहिणींनो,

सकाळी जमिनीवर बोलणं झालं, दुपारी आश्रमशाळांवर झालं, आणि आता माझ्या वाट्याला विषय आला 'घरातली थोरली मुलगी'. फळ्यावर हा विषय लिहिला तेव्हा दोन-चार पोरांनी एकमेकांकडं पाहून हसून घेतलं. एकानं तर विचारलंच, ताई, हा चळवळीचा विषय कसा? हा घरगुती मामला झाला.

घरगुती मामला! हा शब्द आपण नीट ओळखून घेतला पाहिजे. सावकार वेठीवर राबवायचा तेव्हा तोही म्हणायचा, हा माझा आणि माझ्या कुळाचा मामला आहे, मध्ये पडू नका. ज्याला जिथं प्रश्न नको असतो, तिथं तो 'घरगुती' अशी पाटी लावून ठेवतो.

दलित पँथर 1972 साली मुंबईत उभी राहिली. 1973 च्या जाहीरनाम्यात तिनं दलित कोण ते सांगितलं. त्यात अनुसूचित जाती आल्या, जमाती आल्या, नवबौद्ध आले, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी आले आणि स्त्रियाही आल्या. आता या सगळ्या खुणा एकाच माणसाच्या अंगावर शोधायच्या म्हटल्या तर ते माणूस तुम्हाला तलासरीच्या कुठल्याही पाड्यावर भेटेल. वय वर्षं नऊ. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. मागं चार वर्षांची बहीण, तिचा हात हिच्या फ्रॉकला. चुलीवर भात. आई चिकूच्या वाडीत, बाप बोटीवर. हिच्यावर बोलायचं नसेल तर मग जाहीरनामा कुणासाठी लिहिला होता?

पहिल्यांदा हे ठरवू, की थोरलीकडून नक्की काय काय मागितलं जातं. सवयीनं आपल्याला ते दिसत नाही, म्हणून मोजूनच घेऊ.

सहाव्या वर्षी ती मूल सांभाळते. आईनं झोळी बांधून दिलेली असते, झोका देणं हिच्याकडं. आठव्या वर्षी पाणी भरते. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला की रात्रीच्या अंधारात जाऊन झऱ्याला वाटी लावून बसते. दहाव्या वर्षी भात, भाकर, भांडी, कपडे आणि धाकट्यांच्या अंघोळी करते. बाराव्या वर्षी आवणीला बायांच्या रांगेत वाकून उभी राहते, मोळी आणते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी भट्टीवर, वाडीत, नाहीतर डहाणूच्या फुग्याच्या कारखान्यात, उंबरगाव-वापीच्या कंपनीत. जीपमध्ये कोंबून पहाटे नेतात, अंधार पडल्यावर सोडतात. तो पगार घरात येतो. त्यातून धाकट्याची फी जाते, किराण्याची उधारी जाते, बापाची दारू असेल तर तीही जाते. पुढं लग्न. तेही घराच्या सोयीनं. घराला खाणारं तोंड कमी करायचं असेल तर लवकर, आणि घराला तिच्या पगाराची गरज असेल तर, थांब गं, भावाचं एवढं होऊ दे.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाला आपल्या समाजात काय मिळतं? कौतुक मिळतं! 'लई समजूतदार पोर हाय.' 'दुसरी आईच ती.' 'थोरली आहे म्हणून घर उभं आहे.' मित्रांनो, या कौतुकापासून सावध राहा. बैलपोळ्याला बैलाचीही पूजा करतात, गळ्यात माळ घालतात, पुरणपोळी चारतात. दुसऱ्या दिवशी जू तेच. समजूतदार म्हणजे कोण? जिला भूक लागली तरी आधी धाकट्यांना वाढते ती. जिला शाळेत जायचं होतं, पण जिनं ते तोंडानं कधी म्हटलं नाही ती. नऊ वर्षांच्या पोरीला समजूतदार म्हणावं लागतं, याचा अर्थ तिच्या वाटणीचं पोरपण आपण खाऊन बसलोय, एवढाच.

आता काही पुढारलेल्या घरांतूनही हल्ली थोरल्या मुलींच्या तक्रारी ऐकू येतात. मनावर ताण येतो, अपेक्षांचं ओझं होतं, कुणी विचारत नाही. ते खोटं नाही. बाई कुठल्याही घरातली असो, तिच्यावर घर टाकून मोकळं व्हायची रीत एकच आहे. पण त्यांचं ओझं आणि आपलं ओझं एका काट्यावर तोलू नका. तिथं थोरलीनं घर सांभाळलं नाही तर आई नाराज होते. इथं थोरलीनं घर सांभाळलं नाही तर आईचा रोज बुडतो, आणि आईचा रोज बुडला की रात्री चूल पेटत नाही. तिथल्या मुली बोट दाखवतात ते आईबापांकडं. आपण फक्त आईबापांकडं बोट दाखवून थांबलो तर खरा चोर मागच्या दारानं निघून जाईल.

तो चोर कोण ते पाहू. साधा हिशेब आहे, तुम्हीच करा.

वाडीचा मालक बाईला रोज देतो तो एका माणसाचा. त्या बाईला दोन वर्षांचं मूल आहे हे त्याला माहीत आहे. मूल बरोबर आणलं तर तो कटकट करतो, काम कमी होतं म्हणतो. मूल घरी ठेवलं तर कुणीतरी सांभाळायला पाहिजे. सांभाळायला बाई ठेवायची तर आईचा सगळा रोज तिलाच द्यावा लागेल. म्हणून थोरलीला शाळेतून काढायचं. म्हणजे मालकाला एका रोजात किती माणसं मिळाली? दोन! एक वाडीत चिकू तोडते, दुसरी पाड्यावर मूल सांभाळते म्हणून पहिली चिकू तोडू शकते. पहिलीला थोडं मिळतं, दुसरीला शून्य. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेटीवर शिक्का आला. त्या पेटीत या पोरीची चौथी, पाचवी, सहावी इयत्ता भरलेली आहे, त्याचा शिक्का कुठंच नाही.

वीटभट्टीवर तर हा हिशेब आणखी उघडा आहे. दसरा-दिवाळी झाली, भात झोडून झाला की पाड्यावरची माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडं जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात. उचल आधीच घेतलेली असते, लग्नासाठी, आजारपणासाठी, नाहीतर पावसाळ्यात खाल्लेल्या दाण्यांसाठी. भट्टीवर मजुरी विटांच्या हजारावर. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचं वहीत. हजारावर मजुरी असली की घरातला प्रत्येक हात विटेला लागतो. थोरली चिखल तुडवते, विटा उलटवते, भोंग्यात येऊन भात टाकते, रडणाऱ्याला उचलते. मुकादमाच्या वहीत नाव मात्र एकच, बापाचं. हंगाम संपल्यावर वही उघडतात, उचल वजा करतात आणि म्हणतात, तुझ्याकडंच एवढं निघतंय, पुढच्या वर्षी ये. त्या वहीत ज्या मुलीच्या हातच्या हजारो विटा आहेत, ती मुलगी नाही.

इतिहास विसरू नका. हा तलासरी-डहाणूचा मुलूख आहे. इथं लग्नगडी म्हणून एक चाल होती. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून, सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि त्या कर्जापोटी नवऱ्यानं जन्मभर त्याच्याकडं राबायचं. आणि एकटा नवरा नाही, त्याची बायकोही त्याच कर्जात. वेठ तर रोजचीच. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर इथल्या वारल्यांत आले, आणि 23 मे 1945 ला झरीला सभा झाली. वेठ देणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असं वारली उठून म्हणाले. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, जेठ्या गांगड आणि इतर धारातीर्थी पडले. गोदावरीबाईंनी त्या लढ्याचं पुस्तक लिहिलं, 'जेव्हा माणूस जागा होतो', त्याला 1972 साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. पुढं 1976 साली वेठबिगारी संपवणारा कायदा आला.

त्या लढ्यानं जमीनदाराच्या दारातली वेठ मोडली. माझा सवाल एवढाच आहे: वेठ म्हणजे काय? दाम न देता, राजीखुशी न विचारता, 'नाही' म्हणायची सोय न ठेवता घेतलेलं काम. मग थोरलीचं काम काय आहे? तिला दाम नाही. तिची राजीखुशी कुणी विचारली नाही. 'नाही' म्हणाली तर ती वाईट मुलगी. झरीच्या सभेनं दिलेली व्याख्या घरात आणून लावा. लावताना हात कापेल, पण लावा.

हा प्रश्न पहिल्यांदा कुणी पाहिला असं विचाराल, तर तो आपल्याच तालुक्यात पाहिला गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 साली, म्हणजे वारल्यांचा उठाव पेटला त्याच वर्षी, बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. पुढं 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शहरातले शिक्षक तेव्हाही म्हणायचे आणि आताही म्हणतात, आदिवासींना शिक्षणाची आवड नाही. या दोघी पाड्यांवर हिंडल्या, मुलं शाळेत का येत नाहीत ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. एक पोर गुरांमागं आहे. दुसरीच्या कडेवर मूल आहे. आवडीचा प्रश्नच कुठं येतो?

मग त्यांनी काय केलं? गुरांमागं जाणारी पोरं शाळेत येत नाहीत ना, तर शाळा कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. लहान मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत ना, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी. आणि जिच्या कडेवर मूल आहे तिच्यासाठी विकासवाडी काढली. एकाच जागी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. थोरलीनं कडेवरचं मूल पाळण्यात ठेवावं, हाताला धरलेलं बालवाडीत सोडावं आणि आपण जाऊन वर्गात बसावं. तिला उपदेश केला नाही, तिच्या आईला दोष दिला नाही. आधी कडेवरचं ओझं खाली ठेवायला जागा करून दिली, आणि मग हातात पाटी दिली.

अनुताई स्वतः तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांत विधवा झालेली मुलगी. पोरीच्या जातीवर घर काय लादतं हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

मी हे कुणाची आरती ओवाळायला सांगत नाही. दोन शिक्षिकांनी एका टेकडीवर जे केलं ते सगळ्या मुलखाला पुरणार नव्हतंच, आणि मजुरीचा दर काय, जमीन कुणाची, हे प्रश्न बालवाडीनं सुटत नसतात. त्यासाठी झरीची सभा लागते. पण झरीच्या सभेला जे दिसलं नाही ते कोसबाडला दिसलं, हेही मान्य करायला पाहिजे. चळवळीला दोन्ही डोळे पाहिजेत.

पुढं सरकारनं काय केलं? 1975 साली एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण विकासवाडीतला पाळणा मागंच राहिला. अंगणवाडी दिवसातले काही तास उघडी. तीन वर्षांच्या पुढची मुलं तिथं बसतात, खिचडी खातात, दुपार व्हायच्या आत घरी येतात. आई सूर्य उगवायच्या आधी गेलेली असते, मावळल्यावर येते. मधल्या वेळाचं काय? आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाचं दिवसभर काय? उत्तर एकच: थोरली आहे ना! सरकारनंही तिला गृहीत धरलंय. अंगणवाडीच्या ताईला मानधन तरी आहे, कमी आहे, त्यासाठी त्या लढतात, त्यांच्या लढ्याला आपला पाठिंबा आहे. पण उरलेल्या वेळेची बिनपगारी अंगणवाडी ताई ही नऊ वर्षांची पोर आहे.

भट्टीवरच्या मुलांसाठी 1990 च्या दशकात वसई-भिवंडीकडं विधायक संसदेनं भोंगाशाळा काढल्या, भट्टीवरच्या भोंग्यातच शाळा. म्हणजे पुन्हा तेच कोसबाडचं सूत्र, पोर जिथं आहे तिथं शाळा न्यायची. हे होऊ शकतं, हे दोनदा सिद्ध झालेलं आहे. 'करता येत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला टेकडी दाखवा.

आता कायद्याकडं या. कायदा आपल्या बाजूनं किती आहे आणि कुठं पाठ फिरवतो, हे कार्यकर्त्याला पाठ पाहिजे.

2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देतो. छान! पण सहाच्या आतल्यांसाठी त्याच कायद्यात काय आहे? सरकार सोय करू शकेल. 'करील' असं नाही, 'करू शकेल'. या 'शकेल'मधून थोरलीची शाळा गळते. धाकट्याचा हक्क नसेल तर थोरलीचा हक्क कागदावरच राहणार.

बालमजुरीचा कायदा 1986 चा, 2016 साली बदलला. चौदाच्या आतल्या मुलांना कामाला लावायची बंदी झाली, पण घरच्या माणसांना शाळेच्या वेळेनंतर मदत करायची मोकळीक ठेवली. ऐकायला किती गोड! घरच्यांना मदत! आता सांगा, भट्टीवर बापाबरोबर विटा उलटवणारी पोर 'मदत' करते की मजुरी? पहाटे चारपासून घर चालवणारी पोर शाळा सुटल्यावर मदत करते, की मदत संपली तर शाळेत जाते?

2019 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायामुली त्या कामाला दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात. पुरुष देतात 97. पुन्हा 2024 ला पाहणी झाली, तेव्हा 289 आणि 88. आणि ही मोजदाद सहा वर्षांच्या वयापासूनची आहे. म्हणजे सहाव्या वर्षापासून पोरगी कामाला लागलेली असू शकते, हे सरकारच्या फॉर्मलाही माहीत आहे.

आणि आता सगळ्यात कडू गोष्ट. बाप गेला, किंवा बोटीवर गेला आणि समुद्रात हद्द ओलांडली म्हणून परक्या तुरुंगात अडकला. आपल्याकडं ही घरं आहेत, ओखा-पोरबंदर-वेरावळच्या बोटींवर इथले खलाशी जातात. तेव्हा घराचा बाप कोण होतं? थोरली. कर्ज ती फेडते, कचेरीच्या पायऱ्या ती झिजवते, धाकट्यांची लग्नं ती लावते. मग वाटणीच्या वेळी? तेव्हा ती परक्या घरची. जमीन भावांची!

1956 चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, केंद्र सरकारनं वेगळा हुकूम काढला तरच लागू. कलम 2, पोटकलम 2. 2005 साली त्या कायद्यात मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तो बौद्ध मुलीला मिळाला, कारण तो कायदा बौद्धांना लागू आहे. शेजारच्या पाड्यावरच्या वारली, कोकणा, धोडी मुलीला त्या कायद्यानं मिळाला नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालय सरकारला म्हणालं, आदिवासी मुलीला हा हक्क नसण्याचं कारण दिसत नाही, कायदा बदलण्याचा विचार करा. 17 जुलै 2025 ला त्याच न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं, बाईला वाटा नाही अशी रूढी सिद्ध होत नसेल तर केवळ ती बाई आहे म्हणून तिला डावलता येणार नाही, ते समतेच्या विरुद्ध आहे. हा निकाल पाड्यापाड्यावर वाचून दाखवला पाहिजे.

आणि हेही सांगितलं पाहिजे, की एकट्या बाईच्या नावावर जमीन आली की तिला भुताळी ठरवण्याचे खेळ याच मुलखात झालेले आहेत. भुताळीच्या अंगात भूत नसतं. तिच्या नावावर शेत असतं!

कुणी म्हणेल, ताई, आमच्या आदिवासी समाजात बाई मोकळी आहे. आमच्यात हुंडा नाही, देज आहे. विधवेचं पुन्हा घर मांडलं जातं. लग्न धवलेरी लावते, भटजी नाही. चौक बायाच लिहितात. खरं आहे, आणि त्याचा अभिमान ठेवा. ज्यांनी बाईला वेदाचा शब्द ऐकू दिला नाही त्यांच्याकडून बाईचा मान शिकायची आपल्याला गरज नाही. पण चौक लिहिणारा हात सातबारावर का नाही? लग्न लावणारी बाई चालते, तर स्वतःचं लग्न कधी करायचं ते ठरवणारी मुलगी का चालत नाही? परंपरेतलं जे मोकळं आहे ते पुढं न्या. ते ढाल म्हणून धरू नका.

आता आपल्या वस्त्यांकडं येते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्या फोटोखाली बसून मी एक गोष्ट सांगणार आहे, ती नीट ऐका.

बाबासाहेबांची आई भीमाबाई ते लहान असतानाच गेली. घर कुणी सांभाळलं? मीराआत्यानं, रामजींच्या थोरल्या बहिणीनं. शरीरानं अधू बाई, तिनं ती पोरं वाढवली. पुढं भीमरावाला पुस्तकांचा नाद लागला. रामजींच्या पेन्शनीत पुस्तकं बसत नव्हती. मग ते काय करायचे, हे धनंजय कीरांनी चरित्रात लिहून ठेवलंय. लग्न होऊन मुंबईत नांदणाऱ्या लेकींकडं जायचे. उसने पैसे मागायचे. पैसे नसले तर लेकीचा दागिना घ्यायचे, गहाण टाकायचे, पुस्तक आणायचे. पेन्शन आली की दागिना सोडवायचे आणि परत नेऊन द्यायचे.

बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचं आपण कौतुक करतो. त्या संग्रहाच्या पायात बहिणींचे दागिने आहेत. मंजुळा आणि तुळसा ही नावं किती जणांच्या तोंडात आहेत? पण त्या गोष्टीतला दुसरा भागही सोडू नका. दागिना परत जायचा! बापानं लेकीचं घेतलं ते देणं म्हणून घेतलं, हक्क म्हणून नाही. हिशेब ठेवला.

आणि तो मुलगा मोठा झाल्यावर 20 जुलै 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बायांसमोर उभा राहिला. समाजाची प्रगती मी बायांच्या प्रगतीवरून मोजतो, असं त्यानं सांगितलं. मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, बायको नवऱ्याची गुलाम नाही, मैत्रीण आहे, हेही सांगितलं. हिंदू कोड बिलासाठी त्यानं 1951 साली मंत्रिपद सोडलं. मुलीला वाटा मिळावा हे त्या बिलातलं एक कलम होतं. मंत्रिपदापेक्षा मुलीचा वाटा मोठा मानणारा नेता आपला आहे, आणि आपण म्हणतो हा घरगुती मामला!

इथं बसलेल्या पोरांना माझा प्रश्न आहे. तुम्ही दहावी झालात, बारावी झालात, काही जण कॉलेजात आहात. तुमच्या घरची थोरली किती शिकली? आज तुम्ही शिबिराला आलात, तुमच्या वाटणीचं पाणी आज कोण भरतंय? उत्तर मोठ्यानं देऊ नका. मनात द्या, पण खोटं देऊ नका.

मी थोरलीला घर सोडून जा असं सांगत नाही. भावंडावरची तिची माया खोटी आहे असंही म्हणत नाही. माया खरी आहे, म्हणूनच तर तिच्यावर एवढं लादता येतं. माझं म्हणणं इतकंच, की मायेचा सगळा खर्च एकाच वहीत का पडतो? थोरल्या मुलाला 'वारस' म्हणायचं आणि थोरल्या मुलीला 'आधार' म्हणायचं. वारसाला मिळतं, आधाराला द्यावं लागतं. ही वाटणी कुठल्या देवानं केलेली नाही. माणसांनी केली, माणसं मोडतील.

आता करायचं काय? भाषणं झाली की टाळ्या होतात आणि टाळ्यांनंतर जेवण होतं. म्हणून पाच गोष्टी सांगते, त्या ठराव म्हणून लिहून घ्या.

एक. पाळणाघर. पाड्यावर, वाडीत, भट्टीवर. आई कामावर असेल तितका सगळा वेळ उघडं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन बसवायची तरतूद होती. 1948 च्या कारखाना कायद्यात तीसहून जास्त कामकरी बाया असतील तिथं पाळणाघर सक्तीचं होतं. आता कायदे बदलले, नावं बदलली. तत्त्व बदलू देऊ नका: मूल सांभाळणं हे काम आहे आणि त्याची मजुरी द्यायची आहे. इथला मुलूख अनुसूचित क्षेत्र आहे, 1996 चा पेसा कायदा आहे, ग्रामसभेला वजन आहे. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या आणि प्रकल्प कार्यालयावर न्या.

दोन. दिवाळीनंतर मुलं भट्टीवर जाणारच नाहीत अशी हंगामी सोय गावातच पाहिजे. आणि आश्रमशाळेत नाव घालताना धाकट्याआधी थोरलीचं घाला. ती वयानं बसत नाही म्हणून हाकललं तर आपण सगळे जाऊन दारात बसू.

तीन. घरात पाळी लावा. भावानं भांडी घासायची, पाणी भरायचं, मूल घ्यायचं. ज्या पोराला कडेवर मूल घ्यायची लाज वाटते त्यानं मोर्चात झेंडा घेऊ नये. झेंडा मुलापेक्षा हलका असतो.

चार. नाव. वनहक्काचा 2006 चा कायदा सांगतो, लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर आणि घर एकट्या माणसाचं असेल तर त्या एकट्याच्या नावावर. ते एकटं माणूस बाईही असते! आपल्या भागातल्या प्रत्येक पट्ट्यावर बाईचं नाव आहे का ते तपासायचं, आणि एकटीनं घर चालवणाऱ्या थोरलीचा दावा राहिला असेल तर तो दाखल करायचा. बाप हयात असताना वाट्याचं बोलून घ्यायचं. कर्जात नाव चालतं तर जमिनीत का नाही?

पाच. लग्न. तिला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, आणि तिच्या पगारासाठी अडवायचंही नाही. अठराच्या आत तर नाहीच. आपल्या नात्यात होत असेल तर आधी तिथं जाऊन उभं राहायचं.

आणि एक गोष्ट शिबिराच्या व्यवस्थापकांना. पुढचं शिबिर ठरवाल तेव्हा मुलींना संध्याकाळी पाच वाजता बोलावू नका, ती पाणी-भाताची वेळ आहे. मागं भिंतीला टेकून ज्या बसल्यात त्यातल्या निम्म्या आता उठून जातील, कारण घरी चूल वाट पाहतेय. पुढच्या वेळी लहान भावंडं घेऊन या असं त्यांना सांगा, आणि ती भावंडं सांभाळायला चार पोरं नेमा. क्रांतीची सुरुवात तिथून होत असेल तर होऊ द्या!

बहिणींनो, शेवटचं तुमच्याशी बोलते. तुम्हाला कुणी 'समजूतदार' म्हणालं तर गप्प बसू नका. विचारा, माझ्या समजूतदारपणाचे किती झाले? वहीत लिहा. आज सांभाळलेलं मूल लिहा, भरलेले हंडे लिहा, बुडालेली शाळा लिहा. लिहिता येत नसेल तर धाकट्या भावाकडून लिहून घ्या, त्याला तुम्हीच शिकवलंय. सावकाराच्या वहीनं आपल्याला पिढ्यान् पिढ्या बुडवलं. आता आपलीही वही उघडू या, आणि पहिल्या पानावर थोरलीचं नाव घालू या.

जयभीम! जोहार! झरीच्या लढ्याचा विजय असो!